अमेरिकेचा करारनामा

एमेरिख काल्मान या हंगेरियन संगीतकाराची ‘दी चार्दाशफ्युर्स्टिन’ ही ऑपेरेटा, म्हणजे गाणी, नृत्ये आणि गद्य संवाद यांतून रंगणारे हलकेफुलके संगीत नाटक, पहिले महायुद्ध चालू असताना नोव्हेंबर १९१५ मध्ये व्हिएन्नात प्रथम सादर झाली. तिची नायिका सिल्वा वारेस्कू ही बुडापेस्टच्या करमणूकगृहातील लाडकी गायिका असून अमेरिकेच्या दौऱ्याचा करार करून निघण्याच्या बेतात असते. राजपुत्र एडविन तिला आठ आठवड्यांत लग्न करण्याचे वचन रीतसर लिहून देतो; मात्र घरच्यांनी दुसऱ्याच मुलीशी ठरवलेल्या त्याच्या वाङ्निश्चयाची पत्रिका तोवर छापूनही झालेली असते. अखेरीस एडविनच्या खानदानी आईचे पूर्वायुष्यही रंगमंचावर गाण्यातच गेल्याचे उघडकीस येते आणि विरोध आपोआप मावळतो. ही युक्ती बेतलेली वाटते खरी, परंतु वंशशुद्धीच्या अभिमानाची तिने उडवलेली थट्टा पुढे कोणत्या काळात पडद्यावर आली, हे पाहता तिला वेगळीच धार चढते.

जर्मनीत बोलपट १९२९ च्या सुमारास रुजू लागला, तेव्हा लोकांच्या ओठांवर आधीच असलेली गाणी आयती मिळत असल्याने चित्रसंस्था ऑपेरेटांकडे वळल्या. उफा या बलाढ्य संस्थेने १९३४ मध्ये गेओर्ग याकोबी यांच्या दिग्दर्शनाखाली ही प्रेमकथा चित्रित केली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, संवाद मागाहून दुसऱ्या भाषेत भरण्याऐवजी, फ्रेंच प्रेक्षकांसाठी वेगळी नायिका घेऊन स्वतंत्र आवृत्तीही तयार झाली. जर्मन आवृत्तीतील सिल्वा होती बुडापेस्टमध्ये जन्मलेली, जेमतेम बाविशीतली मार्ता एगर्थ. चार्दाश हे हंगेरियन नृत्य संथ, काहीशा उदास लयीत सुरू होऊन एकाएकी द्रुत लयीत झेप घेते, आणि सिल्वाचे प्रवेशगीत याच घडणीचे असल्यामुळे गायिकेला काही क्षणांतच घराची ओढ आणि बेफाम उल्हास या दोन्ही भावना पेलाव्या लागतात. एगर्थला ही कसरत नवी नव्हती, कारण किशोरवयातच तिने व्हिएन्नात काल्मानच्याच दुसऱ्या एका ऑपेरेटेत प्रमुख भूमिका गायिली होती.

काल्मान ज्यू होता. उफाने १९३३ च्या मार्चमध्येच आपल्या ज्यू कर्मचाऱ्यांना काढून टाकण्याचा निर्णय घेतला होता. तरीही पुढच्याच वर्षी त्याचे संगीत तिच्या पडद्यावर वाजले, यात औदार्य शोधण्यापेक्षा तिकीटबारीचा हिशेब शोधणे अधिक योग्य ठरेल. लवकरच त्याच्या रचनांवर नाझी राजवटीत बंदी आली.

एगर्थने १९३६ मध्ये पोलिश गायक यान कीपुरा याच्याशी विवाह केला आणि ज्यू वंशाशी नाते असलेले हे दांपत्य १९३८ मध्ये युरोप सोडून अमेरिकेत गेले. काल्मानही १९४० मध्ये तेथे पोहोचला. ऑपेरेटेत प्रेमिकांची ताटातूट करणारा अमेरिकेचा प्रवास प्रत्यक्षात तिच्या नायिकेच्या आणि रचनाकाराच्या सुटकेचा मार्ग ठरला. संहितेच्या दोन लेखकांपैकी लिओ श्टाइन पूर्वीच निवर्तला होता. दुसरा, बेला येनबाख, मात्र व्हिएन्नातच अडकला आणि १९४३ मध्ये लपून राहिलेल्या अवस्थेतच वारला. त्याच वर्षी एगर्थ आणि कीपुरा न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर संगीतकार लेहारची ‘द मेरी विडो’ ही ऑपेरेटा गात होते, आणि त्या संहितेवरही श्टाइनचेच नाव होते.

युद्धानंतर याकोबी यांनी १९५१ मध्ये हीच ऑपेरेटा पुन्हा पडद्यावर आणली, तेव्हा सिल्वा झाली होती त्यांची पत्नी मारिका रोक. एगर्थ मात्र नव्वदी ओलांडल्यावरही मैफली गात राहिली.