थोडा वेळ बंद राहील

मैत्रिणींनो, रात्री पावणेबारानंतर रेल्वेचं तिकीट काढायला कधी बसला आहात का? बसू नका. रेल्वेची तिकिटांची वेबसाइट रोज रात्री ११.४५ ते १२.२० बंद असते. बिघडलेली नसते बरं का. त्या ३५ मिनिटांत तिची आवराआवर चालते.

हे मला माहीत, कारण माझी सून हेच काम करते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा शनिवारी रात्री जेवणं उरकली, की थर्मासमध्ये चहा भरून ती कॉम्प्युटरपुढे बसते ती पार पहाटेपर्यंत. “एवढ्या रात्री काय करते हो?” असं आमच्या जिन्यात विचारलं जातं, आणि विचारण्याची तऱ्हा काही चांगली नसते.

तर काय करते ते सांगते. आठवडाभर आधी गिऱ्हाइकांना सूचना जाते, अमुक वेळ काम बंद. दोन तासांचं काम असेल तर ती चार तास सांगते. (कामाला बाई लावताना आपणही असाच हिशेब धरतो की!) मग पाटी लागते. पहिलं काम म्हणजे सगळ्या नोंदींची नक्कल वेगळी काढून ठेवणं. नवं बसवताना बिनसलंच, तर जुनं जसंच्या तसं परत मांडता आलं पाहिजे.

दार उघडं ठेवून हे का होत नाही, असं मी विचारलं. म्हणाली, “आई, नोंदी हलवत असताना कुणी पैसे भरले, तर पैसे जातील आणि नोंद कुठेच सापडायची नाही.” भिशीची वही नव्या वहीत उतरवत असताना मध्येच कुणी हप्ता हातात ठेवला की काय घोळ होतो, ते भिशी चालवणारीला सांगायला नको. तुमचेही पैसे असे अडकले, तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. आधी खात्यातली नोंद बघा.

मोठी कामं तर दिवसचे दिवस चालतात. पासपोर्ट सेवेची वेबसाइट २९ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ८ पासून २ सप्टेंबरच्या सकाळी ६ पर्यंत बंद राहणार असं जाहीर झालं होतं. ३० तारखेच्या ठरलेल्या भेटीही पुढे ढकलल्या होत्या. लोक कुरकुरले असतील, पण निदान आधी कळलं.

गेल्या खेपेला रात्री तीन वाजता सुनेचं काम अडलं. नवं काही केल्या चालेना. तिने शांतपणे जुनं परत बसवलं आणि पाच वाजता पाटी काढली. सकाळी कुणाला पत्ताही लागला नाही. शाबासकी तरी कोण देणार? न घडलेल्या गोंधळाची शाबासकी आपल्याला तरी कधी मिळते!

त्याच सकाळी नऊला माझी नणंद आली. आल्या आल्या स्वयंपाकघरात डोकावली आणि म्हणाली, “सून अजून झोपलीय?”

“अकरापर्यंत बंद आहे,” मी म्हटलं, “आधीच कळवलं होतं सगळ्यांना.”

चहा मुलाने केला. साखर जरा जास्तच पडली होती.