दुपारचे खून, दिवाळीची आसवं

आमच्या घरात खून पडायचे ते दुपारी, भांडी घासून, ओटा पुसून झाला की. आत्या पंख्याखाली चटई अंथरायची, उशाला पाट घ्यायची आणि झुंजार नाहीतर काळापहाड उघडायची. शेजारी मोठी काकू. तिच्या हातात शैलजा राजे किंवा कुमुदिनी रांगणेकर. आम्ही पोरं जमिनीवर पालथी पडून ‘किशोर’ आणि फास्टर फेणेत बुडालेली. चार वाजता चहाचं आधण पडेपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता. सत्तरचं दशक, ठाण्यातलं नौपाड्यातलं घर. आत्या सकाळच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे दुपार तिची होती.

आता आम्ही चुलत-आत्तेभावंडं कुणाच्या लग्नामुंजीला जमलो की पहिला विषय हाच निघतो. घरात आत्याचा पक्ष आणि काकूचा पक्ष असे दोन तट होते, आणि भांडण होतं शेवटच्या पानाचं. काकू कुठलीही कादंबरी हातात आली की आधी शेवटचं पान वाचायची. “दोघांचं जमतंय ना, तेवढं बघून घेते. मग निवांत रडता येतं.” आत्याच्या मते हा घोर अपराध होता. रहस्यकथेचं शेवटचं पान कुणी उघडताना दिसलं तर ती पुस्तक काढून घ्यायची आणि वर दोन दिवस बोलायची नाही. मी मनाने कायम आत्याच्या पक्षात, पण आज वाटतं, दोघींना हवं होतं ते एकच. शेवटी घडी नीट बसली पाहिजे. काकूला ती बसणार याची खात्री आधी लागायची, आत्या त्यासाठी दोनशे पानं थांबायला तयार असायची.

बाबुराव अर्णाळकर (१९०६ ते १९९६) हे आत्याचं दैवत. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर रहस्यकथा लिहिलेला हा माणूस. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळापहाड ही मंडळी आमच्याकडे नातेवाइकांसारखी बोलण्यात यायची. “झुंजार असता तर कधीच शोधला असता” हे वाक्य हरवलेल्या किल्ल्यांपासून मांजराने पळवलेल्या सायीपर्यंत कशालाही चालायचं. पुढे गुरुनाथ नाईक आले, मग सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास आला. शिरवळकर माझ्या चुलतभावाने घरात आणले. आत्याने चार-पाच वाचून शेरा मारला, “पोरगा लिहितो झकास, पण फार शिग्रेटी ओढतात यातले लोक.”

ही पुस्तकं यायची कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून. ठाण्यात १८९३ साली वि. ल. भावे यांनी पुढाकार घेऊन उभं केलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय होतंच, पण तिथे जायचे ते अण्णा, म्हणजे काका. कोपऱ्यावरची लायब्ररी म्हणजे एक गाळा, जमिनीपासून आढ्यापर्यंत फळ्या, खाकी पुठ्ठ्यात बांधलेली पुस्तकं आणि पाठीवर शाईने घातलेले नंबर. अनामत रक्कम, महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक, एक मासिक. पुस्तकाला हजार हात लागलेले असायचे आणि हजार हातांनी आपापलं मत नोंदवलेलं असायचं. समासात पेन्सिलीने ‘बकवास’, त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘तुला काय कळतंय’. एका महाभागाने तर पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून खाली रेघ मारली होती. आत्याने त्याला दिलेल्या शिव्या मी प्रथमच ऐकत होतो. शाळेतल्या बाईंना त्या येतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

एका पुस्तकाचा शेवटचा फर्माच गायब निघाला. सोळा पानं सुटून गेलेली, दोरा लोंबतोय आणि वाड्याच्या तळघरात चार माणसं पिस्तूल रोखून उभी. लायब्ररीत दुसरी प्रत नव्हती. मग त्या रात्री जेवणं झाल्यावर आत्याने शेवट सांगितला, स्वतःच्या मनाचा. कारकुनाचा चष्मा, दिवाणखान्यातलं बंद घड्याळ, सगळं तिने जुळवून दाखवलं. बटलर कसा दोषी नाही हेसुद्धा तिने पटवलं. (बटलर या माणसाचं घरात नक्की काम काय, हा प्रश्न काकूने मध्येच विचारला होता. त्याचं उत्तर मिळालं नाही.) त्या कादंबरीचा छापील शेवट आमच्यापैकी कुणीही वाचलेला नाही. आमच्यात आत्याचाच शेवट प्रमाण आहे.

अण्णांना या सगळ्याचा राग. ते ‘सत्यकथा’ वाचणारे, हायस्कुलात मराठी शिकवणारे. रहस्यकथांमधलं शुद्धलेखन त्यांना सहन होत नसे, म्हणून ते लाल पेन्सिलीने दुरुस्त्या करून ठेवायचे, लायब्ररीच्या पुस्तकातसुद्धा. “दोन-चार पानं चाळली, किती चुका त्या!” असं म्हणायचे. पण लाल खुणा थेट शेवटच्या पानापर्यंत गेलेल्या असायच्या, आणि उकल जवळ आली की खुणा विरळ होत जायच्या.

दिवाळीत मात्र हे पक्षभेद मिटायचे, कारण अंक यायचे. १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला. काढणारे काशीनाथ रघुनाथ आजगावकर. बंगाली साहित्यावरच्या प्रेमापोटी या गृहस्थांनी आडनाव बदलून ‘मित्र’ लावलं होतं. तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी फराळ आणि अंक अशी दुहेरी. आम्ही अंक विकत घेतलेले मला फारसे आठवत नाहीत. लायब्ररीची दिवाळी अंक योजना असायची. एकरकमी पैसे भरायचे आणि संक्रांत उलटून जाईपर्यंत एकेक अंक बदलून आणायचा. ‘आवाज’ आला की त्यातल्या चित्रांच्या खिडक्या उघडायला पुरुषमंडळींची झुंबड. ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ ही अनंत अंतरकरांची तीन अपत्यं, त्यातला ‘नवल’ आत्याने आधीच धरून ठेवलेला. त्या अंकांच्या पानांना चकलीचं तेल लागलेलं असायचं, बहुधा आधीच्या तीन घरांतलं.

सणाच्या अंकातल्या गोष्टींचा एक साचा असायचा. परदेशी गेलेला मुलगा अचानक दारात, रुसलेली जाऊ भाऊबीजेला ताट घेऊन हजर, म्हाताऱ्या बाईच्या रिकाम्या घरात शेजारच्या पोरीने लावलेली पणती. काकू पदराने डोळे पुसत वाचायची आणि नंतर म्हणायची, “खोटं आहे हो सगळं, पण बरं वाटलं.” मन हळवं करणाऱ्या सणासुदीच्या वाङ्मयावर मी याहून नेमकं परीक्षण वाचलेलं नाही.

सगळे दिवाळी अंक असे सोज्वळ नसत. चंद्रकांत काकोडकरांची कथा ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९ साली काकोडकर सुटले. अशा कथांनी किशोरवयीन मुलं बिघडतात असं खात्रीने म्हणता येत नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. काकूचं मत पडलं नाही. काकोडकरांचं पुस्तक घरात असलं तर ते साडीच्या घडीत असायचं, आणि कुठल्या साडीच्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत असायचं.

अगाथा ख्रिस्ती घरात आली ती थोरल्या चुलतबहिणीबरोबर, ती मुंबईला कॉलेजात जायला लागल्यावर. इंग्रजी पुस्तक, गाडीत वाचायचं, आणि घरी येऊन रात्री आत्याला मराठीत सांगायचं. आत्याला हर्क्युल पायरो पसंत पडला, पण मिस मार्पल फारच. खेड्यात राहणारी, विणकाम करणारी, कुणाच्या घरी काय शिजतंय यावर डोळा ठेवणारी म्हातारी खून उलगडते, यात आत्याला काडीचंही नवल वाटलं नाही. “त्यात काय! पलीकडच्या वहिनींना सांगा, दोन दिवसांत लावतील छडा.”

ख्रिस्तीच्या प्रकाशकांनी ‘ख्रिसमसला नवी ख्रिस्ती’ अशा अर्थाची घोषणा वर्षानुवर्षं चालवली. तिकडचा हा एक प्रकारचा दिवाळी अंकच. त्यातलं १९३८चं ‘हर्क्युल पायरोज ख्रिसमस’ आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीतच सांगितलं गेलं. सिमियन ली नावाचा श्रीमंत, खडूस म्हातारा सगळ्या मुलांना सणासाठी घरी बोलावतो, त्यांच्या कानावर पडेल अशा बेताने वकिलाला फोन करून मृत्युपत्र बदलण्याची भाषा करतो, आणि त्याच संध्याकाळी बंद खोलीत मरतो. रक्ताचं थारोळं. पुस्तकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती सांगते की तिच्या मेहुण्याची तक्रार होती, तुझे खून फार मिळमिळीत व्हायला लागलेत, एकदा भरपूर रक्त सांडू दे. म्हणून हा आहेर.

ही गोष्ट ऐकताना आमच्या घरात एक वेगळीच शांतता पसरली होती. कारण त्याच दिवाळीत कोकणातल्या घराच्या वाटणीचा विषय निघाला होता. सणाला सगळे जमले की गोड बोलून कुणीतरी सातबारा काढणारच, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. ख्रिस्तीला ते इंग्लंडात बसून कळलं होतं. सणाच्या गोड गोष्टी लिहिणारे हे टाळतात आणि म्हणून मला त्या अर्ध्याच वाटतात. ख्रिस्ती प्लम पुडिंगही वाढते आणि मृत्युपत्रही वाचते. लहानपणी नातलगांच्या अ‍ॅबनी हॉलमध्ये ख्रिसमसला किती तुडुंब जेवायचो, याचं तिने केलेलं वर्णन वाचलं की ही बाई आपल्या पंक्तीला सहज बसली असती असं वाटतं. उलट अर्णाळकरांचा धनंजय कधी चार घास सुखाने जेवल्याचं मला आठवत नाही. बिचारा कायम मोटारीत.

न्यू जर्सीतल्या पुतणीने आता आम्हाला हल्लीच्या घरगुती रहस्यकथांची चटक लावली आहे. मुखपृष्ठावर मांजर, बेकरी आणि बर्फ. खुनी पकडला की केकची कृती. चार-पाच वाचल्या, आणि स्पष्ट सांगायचं तर निम्म्यांत खून हा केकच्या आड येतो. रिचर्ड ऑस्मनचं २०२०चं ‘द थर्सडे मर्डर क्लब’ मात्र थोरलीने दोन बैठकांत संपवलं. वृद्धांच्या वसाहतीतले चौघे जण दर गुरुवारी जुन्या खुनांच्या फायली घेऊन बसतात. वाचून तिने फोन केला, “अरे, यातली जॉइस म्हणजे आपली काकू, आणि एलिझाबेथ म्हणजे आत्या!” वसीम खान यांनी मुंबईतला निवृत्त इन्स्पेक्टर आणि त्याच्या दारात येऊन पडलेलं हत्तीचं पिल्लू घेऊन मालिका लिहिली, तीही लंडनच्या माणसाने इंग्रजीतून. हत्तीला सोसायटीवाले कसे आक्षेप घेतात ते त्याने बरोबर पकडलंय.

मराठीत अशी कादंबरी माझ्या वाचनात आली नाही, आणि हे मला खटकतं. वाडे होते, चाळी होत्या, गच्चीवर पापड वाळत घालता घालता सगळ्या मजल्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बायका होत्या. आपले गुप्तहेर मात्र घर सोडून बंदरावर आणि खंडाळ्याच्या बंगल्यावर धावत राहिले. आमच्या आत्तेभावाचं म्हणणं, चाळीत खून लिहिणार कसा? करणाऱ्याचं नाव जिन्यापर्यंत पोचायच्या आत तळमजल्याला कळलेलं असतं. मला हे पटत नाही. कळलेलं असतं, पण सांगणार कोण, हेच तर रहस्य.

म्हणून गेल्या भाऊबीजेला आम्ही भावंडांनी कादंबरीचा कच्चा आराखडा करायला घेतला. जागा नौपाड्यातली पुनर्विकासाला काढलेली इमारत, वेळ नरक चतुर्दशीची पहाट, सगळे अभ्यंगस्नानात गुंतलेले. शोध लावणारी बाई निवृत्त शिक्षिका. फराळ भरपूर, रक्त बेताचं. शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांसाठी तिथे मुद्दाम खोटा शेवट छापायचा, ही सूचना धाकटीची. खुनी कोण यावर अजून हाणामारी चालू आहे. खून कुणाचा व्हावा यावर मात्र पहिल्याच मिनिटाला एकमत झालं: सोसायटीच्या सेक्रेटरीचा.