जुन्या तंबोऱ्यातलं जुनं काय

जुना तंबोरा विकायला निघाला की आधी त्याचं वय सांगतात, मग तो कोणत्या बुवांच्या मागे वाजला ते. खुंट्या सूर धरतात का, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पुण्यातल्या माळ्यांवरून उतरणारा प्रत्येक तंबोरा मिरजेचाच निघतो, असं मला उगाच वाटतं. निघेना का! हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तंतुवाद्यांकडे वळली आणि फरीदसाहेबांपासूनचं ते कसब अजून तिथल्या घरांत आहे. मात्र मिरजेतही उत्तम तंबोरे झाले तसे सुमारही झाले, आणि सुमार तंबोराही यथावकाश जुना होतोच.

माझ्याकडे शिकणारी एक मुलगी असाच एक बघून आली. सदाशिव पेठेतल्या घरातला, आजोबांचा. आता घरात गाणारं कोणी उरलेलं नाही. "ताई, नुसता छेडला आणि अंगावर काटा आला. नव्यात असा आवाज नाहीच मिळत."

काटा आला असणार. पण ती ज्याला जुना आवाज म्हणत होती, तो त्या वाद्यातला सगळ्यात नवा भाग होता. तारा चार दिवसांपूर्वी चढवलेल्या. जवारी त्याच आठवड्यात काढलेली. विकायचं ठरल्यावर घरच्यांनी कारागिराला बोलावलं होतं.

जवारीचं काम घोडीच्या माथ्यावर होतं. हा माथा वरवर सपाट दिसला तरी अगदी किंचित उतरता घासलेला असतो. तार हलताना त्या उतारावर टेकते, उठते, पुन्हा टेकते, आणि तिच्याखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा सापडली की एका तारेतून उपस्वरांचा झरा सुटतो. तार ज्या जागी छेडली, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर उमटू नये, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम आहे. तंबोरा तो जुमानत नाही, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये लिहून ठेवलं. कारण त्यांनाही घोडीतच सापडलं. तारा खणत राहिल्या की माथ्यावर चरे पडतात, आवाज बसतो, पुन्हा घासायचं. घोडी पार झिजली की नवी. म्हणजे चांगल्या हाताचा कारागीर बऱ्याच साध्या तंबोऱ्यांतूनही काटा आणणारा आवाज काढू शकतो, आणि नामी तंबोरा वाईट जवारीने पत्र्यासारखा वाजतो. मिरजेच्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला हे फार थोडक्यात सांगितलं होतं: "आवाज मी काढून देतो हो ताई, तुम्ही लाकूड बघा."

तर लाकूड बघायचं. तूण वाळलेली, हलकी. पण आधी तारा पूर्ण सुरात चढवून. विकणारे पुष्कळदा तारा उतरवून ठेवतात. तशी पद्धतच आहे, त्यात लबाडी असतेच असं नाही, मात्र ढिल्या तारांवर कुठलीही दांडी सरळ दिसते. सुरात आणून, खुंट्यांच्या बाजूने एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकायची. थोडा बाक मी सोडून देते. सतारीत पडद्यांमुळे तो भोवतो, तंबोऱ्याला पडदे नाहीत. मला भीती असते ती अजून सरकत असलेल्या बाकाची. म्हणून जमल्यास तंबोरा रात्रभर जुळवून ठेवू द्यावा अशी विनंती करायची. सकाळी जरा उतरला तर हवेवर जातं. चारही तारा एकत्र, पुष्कळ उतरल्या असतील तर दांडी किंवा गळ्याचा जोड हलतोय. एकच उतरली तर खुंटी, आणि ती दुरुस्त होते.

घोडीखालची तबली आत बसलीय का, तेही बघायचं. भोपळ्यावर बोटाच्या पेराने सगळीकडून वाजवायचं. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, भीमेकाठच्या शेतांतले. तडा गेलेल्या भोपळ्याचा आवाज एखाद्या जागी फुटका येतो, आणि वरून जाड पॉलिश मारून तडा झाकलेला असला तरी येतो. ताजं चकचकीत पॉलिश दिसलं की मी जास्त वेळ घेते. लाकडातल्या किडीच्या भोकांतून पिवळी भुकटी पडत असेल तर उठून चहाला नाही म्हणायचं आणि निघायचं. घोडी किंवा नक्षी हस्तिदंताची, सांबरशिंगाची आहे असं अभिमानाने सांगितलं तरी तेच. वन्यजीव कायद्याने त्यांची खरेदी-विक्री बंद आहे, आणि उंटाच्या हाडाची घोडी उत्तम बोलते.

जुन्याचा खरा फायदा एकच मानते. नव्या लाकडाला पहिल्या काही पावसाळ्यांत जे वळायचं ते वळतं. जुनं वळून मोकळं झालेलं असतं. भरलेल्या आवाजासाठी जादा पैसे मी मोजणार नाही, थांबलेल्या लाकडासाठी मोजेन.

आजोबांचा तंबोरा या सगळ्यातून पार झाला. दांडीला जेमतेम बाक, गळा घट्ट, भोपळा सगळीकडून एकसारखा बोलणारा. सेल्युलॉइडची दोन-तीन पानं उचकटली होती, ती काही वाजत नाहीत. पण मी त्या घरी गेले तेव्हा तो काळी एकमध्ये जुळलेला होता आणि माझी विद्यार्थिनी गाते काळी चारमध्ये.

हा पुरुषी तंबोरा, जवळजवळ पाच फुटी. काळी एकवरून काळी चार म्हणजे सूर पंचमाने चढवायचा. त्याच तारेने केलं तर ताण सव्वादोन पट होतो, आणि तो सगळा त्या जुन्या, शांत झालेल्या दांडीवर. तार बारीक केली तर ताण आवरतो, पण आवाज किरटा होतो, जवारी पहिल्यापासून काढावी लागते, आणि तिला ज्याने काटा आला तो भरलेपणा जातो. मध्यम मार्ग नाही. तिने घरच्यांसमोर विचारलं, "खाली लावून रियाज केला तर?" घशाला खर्जाचा रियाज हवाच, पण तो स्वतःच्या सा-खालचा. दुसऱ्याच्या सा-वर रोज बसणं वेगळं. मी तिला नको म्हणाले. घरातल्या काकूंना वाईट वाटलं असावं, त्यांनी किंमत कमी करायची तयारी दाखवली. मी त्यांना तारा दोन-दोन सूर उतरवून ठेवायला सांगितल्या आणि काळी एकात गाणाऱ्या माझ्या एका गुरुबंधूला पत्ता दिला. तो अजून विचार करतोय. त्याला घोडी बदलायचीय, आणि तो खर्च किमतीतून वजा व्हावा असं म्हणतोय, ते मला रास्त वाटतं.