हँडलवर काय लावायचं?

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला नकाशा विकणं सोपं नाही. माझ्या बाबांची उमेदीची वर्षं टेबलावर टोपोशीट पसरून त्यावर धरणाच्या पाण्याची रेषा ओढण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी ४११ सीसीची जुनी हिमालयन घेतली आणि आई मागच्या सीटवर जाऊन बसली. सापुतारा, भंडारदरा, जव्हार अशा जवळच्या फेऱ्यांना आईच्या हातातला फोन पुरत होता. मागून ती "अहो, डावीकडे!" म्हणेपर्यंत वळण मागे पडलेलं असायचं, एवढंच. लडाखचं ठरलं तेव्हा हे असं चालणार नाही, यावर नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात एकमत झालं. हँडलवर काय लावायचं, यावर मात्र झालं नाही. शोध घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला विचार अर्थातच फोनचा. तो घरात असतोच, क्लॅम्प स्वस्तात मिळतो. गूगल मॅप्सने दुचाकीसाठी वेगळा मोड आणला तोही आधी भारतात, डिसेंबर २०१७ मध्ये. गाडी चालवताना फोन हाताळायला बंदी असली, तरी ऑक्टोबर २०२० पासून नियमांत रस्ता पाहण्यापुरती मुभा आहे. चालवणाऱ्याचं लक्ष ढळता कामा नये, ही अट.

पण फोनला ऊन, पाऊस आणि इंजिन तिन्ही सोसत नाहीत. मे महिन्यात वणीच्या रस्त्यावर बाबांच्या फोनचा पडदा आधी मंद झाला, मग चार्जिंग थांबलं, मग उष्णतेची सूचना झळकवून तो गपगार झाला. पावसात काचेवरचा थेंबही बोटासारखा वागतो आणि नकाशा आपोआप सरकत राहतो. शिवाय एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर हँडलमधून थेट फोनमध्ये उतरते. ॲपलनेच सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं, की ताकदवान इंजिनाच्या मोटरसायकलवर आयफोन थेट बसवू नये; कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा त्याने बिघडू शकते.

मग खास मोटरसायकलसाठी बनवलेलं यंत्र. त्यात गार्मिनच्या झुमो मालिकेचं नाव सगळ्यात पुढे. २०२० मध्ये आलेल्या झुमो एक्सटीचा पडदा साडेपाच इंची. भर उन्हात दिसतो, हातमोज्यांनी चालतो, पाण्याला दाद देत नाही. २०२३ मधल्या एक्सटी-टूचा पडदा सहा इंची. बाजारात आली तेव्हा अमेरिकेत पहिल्याची किंमत ५०० डॉलर होती, दुसऱ्याची ६००. परदेशातून कुणाकरवी मागवलं, तर आत तिकडचा नकाशा असतो. भारताचा वेगळा घालावा लागतो.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "याचे उपग्रह वेगळे असतात का?"

नसतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सगळ्यांनाच फुकट संदेश देतात. त्यातले चार दिसले, की यंत्राला आपली जागा काढता येते. नागरी वापराच्या संदेशात अमेरिका मुद्दाम घालत असलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली गेली. आता तर कितीतरी फोन आपल्या इस्रोच्या नाविकचेही संदेश घेतात. म्हणजे महागड्या यंत्रात पैसे जातात ते काचेचे, कवचाचे आणि पक्क्या बैठकीचे. यातली काच बाबांना पटली, किंमत पटली नाही.

तिसरा प्रकार बाणाचा. रॉयल एनफील्डने नोव्हेंबर २०२० मध्ये मीटिऑर ३५० सोबत ट्रिपर नावाची छोटी गोल तबकडी आणली. ती गूगलची माहिती ब्लूटूथवरून फोनकडून घेते आणि पुढचं वळण आणि त्याचं अंतर एवढंच दाखवते. लंडनच्या बीलाइन कंपनीचं यंत्रही असंच बाणावर चालतं. "गाडी चालवताना आणखी काय हवं?" हा बाबांचा प्रश्न बिनतोड होता. आईचा त्याहून बिनतोड निघाला: "आणि तुम्ही वळण चुकल्यावर?" बाणावर आजूबाजूचा मुलूख दिसत नाही. टोपोशीटवर वाढलेल्या माणसाला ही उणीव चटकन कळली.

लडाखमुळे आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागल्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. जीपीएसला मात्र सिमची गरजच नसते. नकाशा आधी उतरवून ठेवला, की नेटवर्क नसतानाही आपला ठिपका त्यावर चालत राहतो. दुसरी गोष्ट उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या यंत्रांची. गार्मिनचं इनरीच परदेशी गिर्यारोहकांच्या पाठीवर सर्रास असतं, पण भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटूला याच कारणासाठी अडवलं होतं. ते आमच्या यादीतून लगेच गेलं.

बाबांचा खरा आक्षेप यंत्रावर नव्हताच, नकाशावर होता. जानेवारी २०२१ मध्ये तिघेजण मोटारीने कळसूबाईकडे निघाले होते. रात्रीची वेळ, फोनवरचा नकाशा, अकोले तालुक्यातला कोतूळचा रस्ता. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलाकडे नकाशाने त्यांना नेलं. दोघे पोहून बाहेर आले, चालक बुडाला. "पूल होता, म्हणजे नकाशा खोटा नव्हता," बाबा म्हणाले, "पण पूल वर्षातले किती महिने पाण्याखाली असतो, हे त्यात कुठे लिहिलंय?" गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, की नाशिककर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते विचारतात. फोनवरची गोदावरी बारा महिने तेवढीच निळी.

समृद्धी महामार्गाचीही तीच तऱ्हा. जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पूर्ण खुला आहे, पण दुचाकींना तिथे मज्जाव आहे. यंत्र मोटारीच्या मोडवर राहिलं, तर नागपूरला निघालेल्या बुलेटस्वाराला ते खुशाल समृद्धीच्या तोंडाशी नेऊन उभं करेल. यंत्र घेताना त्यात दुचाकीचा मोड आहे का, हे पाहणं म्हणूनच पडद्याच्या इंचांपेक्षा महत्त्वाचं.

शेवटी निवड झाली ती मधल्या वाटेची. अँड्रॉइड ऑटोवर चालणारा, म्हणजे फोनमधला नकाशा दाखवणारा, पाणी न शिरणारा पाच इंची पडदा हँडलवर, आणि फोन जॅकेटच्या आतल्या खिशात. ऊन, पाऊस, थरथर सगळं पडद्याने सोसायचं. गॅरेजवाल्याने वायर इग्निशनच्या मागून, फ्यूज घालून ओढली, म्हणजे किल्ली काढली की पडदा बंद आणि बॅटरी सुरक्षित. फोनमध्ये ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे आधीच उतरवून ठेवले.

चाचणीसाठी आम्ही गिरणाऱ्यावरून वाघेरा घाटाने हरसूलला गेलो. मी स्कूटरवर, ते दोघे पुढे. घाटात माझ्या फोनची रेंज गेली, त्यांचा ठिपका चालत राहिला. पुढे पडद्याने एका फरशी पुलावरून जवळची वाट सुचवली. बाबांनी गाडी बाजूला घेतली, ओढ्याकडे पाहिलं आणि लांबचा रस्ता धरला. यंत्राने थोडा वेळ माघारी वळायचा आग्रह केला, मग मुकाट नवा मार्ग आखला.

पडदा आईला मागून दिसत नाही, म्हणून तिने आपल्या फोनमध्येही तेच नकाशे उतरवून घेतले आहेत. आता दोघांच्या हेल्मेटमध्ये इंटरकॉम आहे आणि वळणाची सूचना वेळेवर पोचते. सध्या वाद आहे तो लेहला श्रीनगरहून जोजिला चढून जायचं, की मनालीहून अटल बोगद्यातून. आईला बोगदा हवाय, बाबांना घाट.