नाळेवरची माची

1976 साली पैठणला जायकवाडी धरण झालं आणि गोदावरीचं पाणी आमच्या कायगावपर्यंत फुगून आलं. उन्हाळ्यात ते उतरतं, काठावर गाळपेर होते आणि माझी होडी बाभळीखाली कोरडी पडते. बूड निदान सावलीत राहतं. नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, फळ्यांची माची मात्र दिवसभर भाजते. आंब्याच्या फळ्या आक्रसून सांध्यांत नाणं उभं जाईल एवढ्या फटी पडतात.

पहिल्या वर्षी भर वैशाखात त्या फटी मी ठासून भरल्या. आषाढात लाकूड फुगलं, भरलेलं लुकण वळीसारखं वर आलं आणि कडेच्या फळीचे दोन खिळे उपटले. फट भरताना मी पाण्यासाठी जागाच ठेवली नव्हती.

आता आधी तीन रात्री माचीवर ओली गोणपाटं टाकतो, मग एक दिवस नुसता वारा खाऊ देतो. जुन्या कानसीचं टोक वाकवून केलेल्या आकड्याने सांध्यातला जुना माल उकरून काढतो. या कामाला घाई चालत नाही, निम्मा वेळ यातच जातो. कडांना जवसाचं तेल लावतो. नाहीतर कोरडं लाकूड लुकणातलं तेल पिऊन टाकतं आणि लुकण भुगा होतं. मोठ्या जहाजांत जुने दोर उकलून डांबरात भिजवून ठोकत. लहान होडीला कापूसच बरा, आणि गंगापूर तालुक्यात तो काय विकत आणायचा? पेळूला पीळ देऊन बोथट पटाशीने हलकेच बसवतो. हातोडीचा आवाज बद्द न येता टणक आला की थांबायचं. वर खडूची पूड आणि जवसाच्या तेलाचं लुकण, तेही फळीच्या पातळीपेक्षा किंचित खोल.

1817 साली मुंबईच्या वाडियांनी बांधलेलं 'ट्रिंकोमाली' जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतंय. पण ते सागाचं. आंब्याला दरवर्षी तेल पाजावंच लागतं: पॉलिश पेपर मारून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात, मधे पुरतं वाळू देऊन. जाड हात वरून साय धरतो आणि आत चिकट राहतो.

एक मात्र पाळा. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.