सायलेन्सरातून धूर येतो का?

मे महिन्यातली रात्र. हिंगोलीत हळद भरून आमचा दहाचाकी ट्रक हैदराबादच्या वाटेला लागला होता. कळमनुरी मागे पडली आणि आखाडा बाळापुरात मामांनी चहासाठी गाडी बाजूला घेतली. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर. हळदीच्या हंगामात नांदेड रस्ता त्यांच्या रोजच्या पायाखालचा.

चहा घेऊन केबिनमध्ये चढलो, तर सेल्फ खणखणीत फिरतोय, पण इंजिन धरत नाही.

“अजून एकदा मारा ना, मामा.”

“नको. दहा सेकंदांच्या वर सेल्फ दाबायचा नाही, बॅटरी बी जाईल अन् सेल्फ बी. तुम्ही मागं जाऊन बघा, सायलेन्सरातून धूर येतो का.”

धूर नव्हता. पांढरा नाही, काळाही नाही.

“मग डिझेलच पोचंना.”

पांढरा धूर आला असता, तर डिझेल सिलिंडरात पडतंय पण पेटत नाही, असं समजायचं. या इंजिनाला प्लगची ठिणगी नसते. पिस्टन हवा सतरा-अठरा पट दाबतो, ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि डिझेलचा फवारा तिच्यात आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ साली जर्मनीत असंच चाललं होतं.

टाकीत काठी घातली, डिझेल भरपूर. स्टॉप केबलही मोकळी. मग मामांनी फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि मी फीड पंपाचा हातपंप मारू लागलो. पांढरा फेस आला, बुडबुडेच बुडबुडे. लाइनीनं हवा धरली होती. डिझेल दबत नाही, म्हणून पंपाच्या जोरानं नोझल उघडतं. हवा मात्र दबून जाते आणि नोझल बंदच राहतं.

पण खाली थेंबभरही डिझेल सांडलेलं नव्हतं, मग हवा आली कुठून? हे मला त्या रात्रीच कळलं. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. तिथल्या फटीतून ते बाहेर गळत नाही, उलट हवाच आत शिरते. गाडी चालती असते तोवर ती कशीबशी निभावते. बंद केली की नळीतलं डिझेल टाकीकडे उतरतं.

मोबाइलच्या उजेडात एकेक जोड चाचपला. फीड पंपाच्या बोल्टखालचा तांब्याचा वॉशर दबून चपटा झालेला. दोनच दिवसांपूर्वी एका गॅरेजात तो पंप उघडला होता आणि जुनाच वॉशर परत बसवला होता. एवढ्याशा वस्तूपायी एका शेतकऱ्याची वर्षभराची हळद रस्त्यावर उभी राहावी, याचा मला मनापासून राग आला.

मामांच्या डब्यात नवे वॉशर होते. बोल्ट आवळला. बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत हातपंप मारला. नोझलच्या दोन नळ्यांचे नट ढिले करून सेल्फ मारला, डिझेल येताच नट कसले आणि इंजिन धडधडलं. हा नटांचा उपाय जुन्या पंपाच्या गाड्यांपुरताच. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांत तो कधीही करू नका. तिथला दाब एवढा असतो की डिझेलची धार कातडीत घुसते.

आणि गॅरेजवाल्या भावांना विनंती: जोड उघडलात तर वॉशर नवाच घाला.

वारंगा फाट्यावर मामांनी मुद्दाम इंजिन बंद केलं. अर्धा तास थांबलो. पहिल्याच सेल्फला गाडीनं धरलं.