राखावे काय, बदलावे काय

नोएडा १९७६ साली वसले. तेथील एका दुरुस्तीच्या टेबलावर आलेला गिटारचा व्हॉल्व्ह-ध्वनिवर्धक त्याहून वयाने मोठा. तार न छेडताच तो घुमतो. घुमणे सेकंदाला १०० आवर्तनांचे, म्हणजे घरगुती विजेच्या दुप्पट, असले की वीजपुरवठ्यातील कपॅसिटर सुकल्याचा संशय बळावतो. प्लग काढल्यावरही त्यांत सुमारे ४०० व्होल्टचा प्राणघातक दाब दडलेला असू शकतो. तो रेझिस्टरवाटे उतरवून, मीटरने खात्री करूनच कारागीर आत हात घालतो. निकामी तेवढे तो बदलतो. जुना ट्रान्सफॉर्मर राखतो, कारण आवाजाचा पोत त्यातही असतो. पोथीचा संपादक याहून निराळे काय करतो? लेखनिकाचा प्रमाद काढावा, ग्रंथकाराचा आर्ष प्रयोग ठेवावा. हा विवेक सुटला, तर यंत्र निर्दोष होते. त्याचा स्वतःचा आवाज मात्र हरपतो.